भागाकारामागची ऐंशी वर्षं : ओहम, ज्यूल आणि मोजता आलेली वीज

आजचा विषय आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो परीक्षा संपल्यावर शाळेतच ठेवून दिला आहे. विभवांतराला धारेनं भागलं की रोध मिळतो. विभवांतराला धारेनं गुणलं की शक्ती मिळते. एक भागाकार आणि एक गुणाकार, बस्स. घरातल्या गीझरवर २३० व्होल्ट आणि २००० वॉट असं छापलेलं असतं. २००० ला २३० नं भागा, ८.७ अँपिअर धारा आली. आता २३० ला ८.७ नं भागा, साधारण २६ ओहम रोध आला. पाचवीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे.

मग यात इतिहास सांगण्यासारखं काय आहे? सांगण्यासारखं हे आहे, की गणित सोपं असलं तरी त्यात घालायचे आकडे मिळवायला माणसाला ऐंशी वर्षं लागली. १८०० साली इटलीतल्या व्होल्टानं आपली बॅटरी जाहीर केली. १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत व्होल्ट, ओहम, अँपिअर या एककांवर देशोदेशीच्या प्रतिनिधींनी शिक्कामोर्तब केलं. या दोन वर्षांच्या मध्ये एका शिक्षकाची नोकरी गेली, हजारो मैल केबल समुद्रात फुकट गेली, आणि एका बिअरवाल्याच्या मुलानं वैज्ञानिकांच्या समितीचा ओहम चुकीचा असल्याचं पाण्याचं तापमान मोजून दाखवलं. आज आपण हीच गोष्ट क्रमानं पाहणार आहोत.

सुरुवात व्होल्टाच्याही थोडी आधी करू या. हेन्री कॅव्हेंडिश हा अठराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ. अफाट श्रीमंत आणि तितकाच माणूसघाणा. कोणती वस्तू विजेला किती अडवते, हे त्याला मोजायचं होतं. मोजायला यंत्र नव्हतं. मग त्यानं स्वतःचं शरीरच यंत्र म्हणून वापरलं. काचेच्या नळ्यांत मिठाचं पाणी भरायचं, त्यातून विजेचा झटका स्वतःच्या अंगात घ्यायचा, आणि दोन झटके सारखे वाटेपर्यंत नळीतली लांबी कमीजास्त करायची. गंमत अशी, की एवढ्या ओबडधोबड पद्धतीनं त्याला बरीच अचूक उत्तरं मिळाली, आणि आज ज्याला आपण ओहमचा नियम म्हणतो त्याच्या दारापर्यंत तो पोचला. पण त्यानं ते छापलंच नाही. ती टिपणं मॅक्सवेलनं १८७९ साली, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी, प्रसिद्ध केली. तोवर त्यांचा कुणालाच उपयोग झाला नाही.

व्होल्टाच्या बॅटरीमुळे पहिल्यांदा एकसारखी वाहणारी वीज हाताशी आली. १८२० साली डेन्मार्कच्या ओरस्टेडनं दाखवलं, की विजेची तार जवळ आणली की होकायंत्राची सुई हलते. म्हणजे आता अंगाला झटका न देता वीज 'दिसू' लागली. सुई जास्त वळली तर वीज जास्त, कमी वळली तर कमी. पण जास्त म्हणजे नेमकं काय जास्त? त्या काळचे लोक विजेची 'तीव्रता' आणि विजेचं 'परिमाण' असे दोन शब्द वापरत, आणि दोन्हींचा अर्थ ज्याचा त्याचा असे. बॅटरीचा जोर वेगळा, तारेतून वाहणारी धारा वेगळी, आणि तारेचा अडथळा वेगळा, अशी तीन राशींची वाटणीच झालेली नव्हती. ज्या राशी वेगळ्या काढलेल्या नाहीत, त्यांचा भागाकार करणार कसा?

या गोंधळाची किंमत किती असते ते पाहा. १८२५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पीटर बार्लो या नाणावलेल्या गणितज्ञानं लांब तारांवर प्रयोग केले. विजेनं दूरवर संदेश पाठवता येईल का, हा प्रश्न होता. तार लांबवत गेलं तसा सुईवरचा परिणाम भराभर कमी होत गेला. दोनशे फुटांतच एवढी घट दिसली, की बार्लोनं निष्कर्ष काढला : ही कल्पना व्यवहारात येणार नाही. त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. फक्त बॅटरीत किती घट जोडायचे आणि तारेचा रोध किती, यांचा एकमेकांशी हिशेब असतो, हे त्याच्या हातात नव्हतं. लांब तारेसाठी जास्त घट एकापुढे एक जोडले की काम होतं, हे पुढे १८३१ साली अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं करून दाखवलं.

आता आपल्या पहिल्या नायकाकडे येऊ. गेऑर्ग सिमॉन ओहम. जन्म १७८९, जर्मनीतलं एरलांगेन. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न गेलेले, पण स्वतः गणित शिकलेले, आणि दोन्ही मुलांना घरी बसवून शिकवणारे. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. गेऑर्ग विद्यापीठात गेला तो नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड यांतच जास्त रमला. वडील संतापले आणि त्यांनी त्याला तिथून काढलं. मुलगा स्वित्झर्लंडमध्ये शाळामास्तर झाला. पुढे परत येऊन १८११ साली त्यानं डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठातली चांगली जागा काही मिळेना. शेवटी १८१७ साली कोलोनच्या एका जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. त्या शाळेत एक बऱ्यापैकी प्रयोगशाळा होती. ओहमच्या नियमाचा जन्म त्या शाळेच्या प्रयोगशाळेत झाला.

१८२५ साली ओहमनं पहिला निबंध छापला, आणि त्यातलं सूत्र चुकलं होतं. त्यानं घाईनं एक लॉगॅरिथमचं सूत्र मांडलं. चूक का झाली, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यानं व्होल्टाच्या धर्तीची बॅटरी वापरली होती. अशा बॅटरीतून धारा वाहू लागली की तांब्याच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे जमतात आणि बॅटरीचा जोर उतरत जातो. म्हणजे तुम्ही तार बदलून मोजमाप घेताय, आणि तुमच्या नकळत दाबही बदलतोय. तराजूत एका पारड्यात माल घालताना दुसऱ्या पारड्यातलं वजन झिजत असेल, तर व्यापार कसा होणार?

इथे एका संपादकानं मोलाचं काम केलं. ज्या नियतकालिकात ओहम लिहीत होता त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवलं, की बॅटरी सोडा आणि उष्णतेवर चालणारं युग्म वापरा. झेबेकनं १८२१ साली शोधलं होतं, की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला तर परिपथात वीज वाहते. ओहमनं बिस्मथची कांब घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय तोवर त्याचं तापमान बदलत नाही, बर्फ वितळतोय तोवर त्याचंही बदलत नाही. म्हणजे विजेचा जोर ठाम झाला. मापनासाठी त्यानं वर टांगलेली चुंबकसुई घेतली. धारेमुळे सुई वळली, की वरून टांगणीला पीळ देऊन तिला पुन्हा मूळ जागी आणायचं, आणि किती पीळ द्यावा लागला तो आकडा लिहायचा. कुलपं बनवणाऱ्या बापाकडे शिकलेला हात इथे कामाला आला असणार.

मग त्यानं सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. जानेवारी १८२६ मधलं एका दिवसाचं कोष्टक आपण पाहू. २ इंचाच्या तारेला आकडा आला सुमारे ३२७. १८ इंचाला सुमारे १९१. आणि १३० इंचाला ४८.५. आता हे आकडे बघून चटकन काही कळत नाही. लांबी नऊपट केली, पण धारा नवव्या हिश्शावर आली नाही, निम्म्याच्या थोडी वरच राहिली. ओहमच्या लक्षात आलं, की वीज फक्त आपण बदलतो त्या तारेतून जात नाही. ती बिस्मथच्या कांबीतून जाते, जोडपट्ट्यांतून जाते. त्या सगळ्याचा मिळून अडथळा या तारेच्या सव्वावीस इंचांइतका धरायचा. मग करा गणित. २ अधिक २०.२५ म्हणजे २२.२५. ७२८५ ला २२.२५ नं भागा : ३२७. १८ अधिक २०.२५ म्हणजे ३८.२५. ७२८५ भागिले ३८.२५ : १९०.५. १३० अधिक २०.२५ म्हणजे १५०.२५. भागा : ४८.५.

पाहिलंत? एकच वरचा आकडा, ७२८५, आणि खाली एकूण अडथळा. वरचा आकडा उकळत्या पाण्याच्या आणि बर्फाच्या फरकावर ठरतो, तारेशी त्याचा संबंध नाही. खालचा आकडा तारांवर ठरतो, उष्णतेशी त्याचा संबंध नाही. जोर, धारा आणि रोध या तीन राशी इथे पहिल्यांदा स्वच्छ वेगळ्या झाल्या. आपण विभवांतर, धारा आणि रोध म्हणतो ती हीच मंडळी. आणि त्या सव्वावीस इंचांना आज आपण अंतर्गत रोध म्हणतो. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली की पंखा लावताच तिचा व्होल्टेज का कोसळतो, याचं उत्तर त्या सव्वावीस इंचांत आहे.

पुढच्या वर्षी, १८२७ साली, ओहमनं बर्लिनमध्ये पुस्तक छापलं. त्यानं उष्णतेच्या वहनाचं फूरिएचं गणित समोर ठेवून विजेचा सगळा सिद्धांत रचला. आता मोठ्या विद्यापीठातून बोलावणं येईल, अशी त्याची आशा होती. झालं उलटच. पुस्तकातलं गणित प्रयोग करणाऱ्यांना जड वाटलं. निसर्ग आकड्यांत पकडायचा नसतो, असं मानणारा एक तात्त्विक पंथ त्या वेळी जर्मनीत जोरात होता, त्यातल्या पोल नावाच्या परीक्षकानं पुस्तकावर कडक टीका केली. ओहमनं कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये थोड्याशा तासिका घेऊन दिवस काढले. १८३३ साली न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. भौतिकशास्त्राचा पूर्ण प्राध्यापक तो झाला १८५२ साली, म्युनिकमध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि १८५४ साली वारला.

मान मिळाला तो आधी परदेशातून. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. इंग्लंडलाच त्याची आठवण का झाली? कारण तिथे १८३७ पासून तारायंत्र रेल्वेमार्गावर धावू लागलं होतं. व्हीटस्टननं तारायंत्र उभारताना ओहमचं सूत्र वापरलं आणि १८४३ साली रोध मोजण्याच्या पद्धतींवर मोठं व्याख्यान दिलं. शाळेत ज्याला आपण व्हीटस्टनचा सेतू म्हणतो, तो मुळात ख्रिस्तीचा. व्हीटस्टननं तसं कबूलही केलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ज्या सूत्राला विद्यापीठांनी दाराबाहेर ठेवलं, त्याला तारवाल्यांनी घरात घेतलं. कारण किती मैलांना किती घट लागतील, हा प्रश्न त्यांना रोज सकाळी पडत होता.

भागाकार झाला. आता गुणाकार. आपला दुसरा नायक जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. जन्म १८१८, मँचेस्टरला लागून असलेल्या सॉल्फर्डमध्ये. घरचा बिअर बनवण्याचा मोठा कारखाना. विद्यापीठ नाही, पदवी नाही. पण बिअरच्या धंद्यात तापमान मोजण्यात कसूर चालत नाही आणि खर्चाचा हिशेब चुकवून भागत नाही. ज्यूलचा पहिला प्रश्नच धंदेवाल्याचा होता : वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटार बसवली तर परवडेल का? तेव्हा वीज बॅटरीतून येई, आणि बॅटरीत जस्त खर्च होई. म्हणजे तुलना कोळसा आणि जस्त यांची. १८४१ साली त्यानं हिशेब मांडला. कॉर्नवॉलचं चांगलं वाफेचं इंजिन एका पौंड कोळशात जेवढं काम करतं, ते त्याच्या मोटारीनं एका पौंड जस्तात केलेल्या कामाच्या जवळजवळ पाचपट निघालं. वर जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. धंदा बुडीतच.

पण हिशेब करणारा माणूस तिथे थांबत नाही. तो विचारतो, की उरलेलं गेलं कुठे? तारा गरम होत होत्या. ज्यूलनं तारेचं वेटोळं काचेच्या नळीवर गुंडाळलं, पाण्याच्या भांड्यात बुडवलं आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरनं मोजलं. धारा मोजायला त्यानं स्वतःचं एकक ठरवलं : तासाभरात ९ ग्रेन पाण्याचं विघटन करणारी धारा म्हणजे एक अंश. निष्कर्ष दोन निघाले. धारा तीच ठेवून रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट. रोध तोच ठेवून धारा दुप्पट केली तर उष्णता चौपट. हा निकाल त्यानं १८४० च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीकडे पाठवला, तेव्हा त्याला बाविसावं पूर्ण व्हायचं होतं.

हा वर्ग कुठून आला, ते ओहमच्या आधारानं सहज कळतं. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. पण विभवांतर स्वतःच रोध गुणिले धारा आहे. म्हणून धारा दोनदा येते. तारेतून दुप्पट वीज वाहते, आणि ती ढकलायला दाबही दुप्पट लागतो. दोन दुणे चार.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण विद्यार्थी हमखास इथेच अडखळतात. एक सूत्र म्हणतं, धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढते. दुसरं म्हणतं, विभवांतराचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की उष्णता घटते. खरं काय? दोन्ही खरं. काय कायम ठेवलंय ते विचारा. घरात दाब कायम असतो, २३० व्होल्ट. म्हणून कमी रोधाचा गीझर जास्त तापतो. पण गीझरकडे जाणाऱ्या वायरीतली धारा गीझर ठरवतो. म्हणून त्या वायरीत जिथे रोध जास्त, म्हणजे सैल जोड, काळवंडलेला प्लग, तिथेच आग लागते. ओहमनं दाब कायम ठेवला, ज्यूलनं धारा. दोघांनाही आपण काय धरून ठेवलंय हे ठाऊक होतं.

आणखी एक. उष्णतेनं रोध बदलतो. जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा तारेचा बल्ब घ्या. गणितानं त्याचा रोध ८८० ओहमच्या आसपास यायला हवा. मल्टिमीटर लावून थंड बल्ब मोजलात तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिसेल. मीटर खोटं बोलत नाही आणि गणितही चुकलेलं नाही. जळणारा बल्ब आणि थंड बल्ब यांचा रोधच वेगळा. ओहमच्या युग्माची धारा इतकी दुबळी होती की त्याच्या तारा तापल्या नाहीत, म्हणून त्याचं कोष्टक सरळ आलं.

आता समुद्राकडे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकच्या तळाशी दोन हजार मैलांची केबल टाकून झाली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश गेला. तो पोचायला सोळा तास लागले. केबलचा विद्युतप्रमुख व्हाइटहाउस हा शिक्षणानं वैद्य. संदेश मंद जातोय ना, मग जोर वाढवा, असा त्याचा उपाय. त्यानं सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. केबलचं आवरण आधीच सदोष होतं, ते या दाबाखाली आणखी खचलं. काही आठवड्यांत केबल मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, तो आधीपासून सांगत होता की जोर कमी ठेवा आणि मापक नाजूक करा. त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली होती. वेगवेगळ्या कारखान्यांतली तांब्याची तार दिसायला सारखी असली तरी तिची वाहकता फार वेगळी असते. कंपनी तांबं वजनावर आणि जाडीवर विकत घेत होती. रोध कुणी मोजतच नव्हतं.

दुसरा फटका आपल्या वाटेवरचा आहे. १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकली गेली. तीही बंद पडली. ब्रिटिश सरकारनं त्या कंपनीला परताव्याची हमी दिली होती, त्यामुळे न चालणाऱ्या केबलचे पैसे सरकार वर्षानुवर्षं भरत राहिलं. चौकशीसाठी समिती बसली, आणि एक उघडं सत्य पुढे आलं : रोधाला सर्वमान्य एककच नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? समजा केबलचा रोध मैलाला ४ ओहम आहे. केबल कुठेतरी तुटली. किनाऱ्यावर बसून मोजलं तर १२०० ओहम दिसले. म्हणजे तीनशे मैलांवर बिघाड. जहाज तिथे जाऊन गळ टाकणार. पण कारखान्यातला 'ओहम' आणि किनाऱ्यावरचा 'ओहम' यांत दहा टक्क्यांचा फरक असेल, तर जहाज तीस मैल चुकीच्या जागी समुद्र उपसत बसणार. आणि त्या काळी फरक खरोखरच होते. व्हीटस्टनचं एकक होतं १०० ग्रेन वजनाची एक फूट तांब्याची तार. याकोबीनं आपल्या तारेचा नमुना सगळ्यांना वाटला होता. झिमेन्सनं १८६० साली पाऱ्याचा स्तंभ सुचवला : एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक बाजारपेठेचा शेर वेगळा असे, तसाच हा प्रकार.

१८६१ साली केबल अभियंते ब्राइट आणि क्लार्क यांनी सुचवलं, की या एककांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत 'ओहमा' हे दाबाचं एकक होतं आणि 'व्होल्ट' रोधाचं. पुढे नावांची अदलाबदल झाली. त्याच वर्षी थॉमसनच्या पुढाकारानं ब्रिटिश असोसिएशननं समिती नेमली. मॅक्सवेल, बाल्फोर स्ट्युअर्ट आणि जेंकिन यांनी १८६३-६४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात तारेचं वेटोळं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात गरागरा फिरवून, लांबी आणि वेळ यांच्या मापांतून थेट रोध काढला. १८६५ साली त्या मापाची तारेची वेटोळी वाटली गेली.

आता ओहम आणि ज्यूल एकमेकांना भेटतात. १८६७ साली समितीनं ज्यूललाच विनंती केली, की या नव्या ओहमनं तुमचा जुना प्रयोग पुन्हा करा. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला किती काम लागतं, हे ज्यूलनं पूर्वी पाण्यात वल्ही फिरवून काढलं होतं : ७७२ फूट-पौंड. आता त्यानं धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ, या हिशेबानं काढलं. उत्तर आलं ७८३. फरक सुमारे दीड टक्का. म्हणजे एक तर ज्यूलची वल्ही चुकीची, नाहीतर समितीचा ओहम. ज्यूलनं हुज्जत घातली नाही. वय साठीकडे झुकलेलं असताना त्यानं वल्ह्यांचा प्रयोग पुन्हा केला. १८७८ साली उत्तर जाहीर केलं : ७७२.५५. थोड्याच वर्षांत लॉर्ड रॅलेनं वेटोळं फिरवण्याचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा समितीचा ओहम १.३ टक्क्यांनी लहान असल्याचं सिद्ध झालं. शक्तीच्या गुणाकारानं रोधाच्या एककाची चूक पकडली ती अशी. १८८१ च्या पॅरिस परिषदेच्या मुळाशी ही सगळी झटापट आहे. वॉट हे नाव त्यानंतर, १८८२ साली, विल्यम सीमेन्सनं सुचवलं.

तोवर केबलचं कामही सुधारलं होतं. १८६४ ची इराणच्या आखातातली केबल टाकताना तुकड्या-तुकड्याची तपासणी झाली, आणि ती चालली. १८७० च्या फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे महाकाय जहाज मुंबईहून एडनकडे केबल टाकत निघालं, आणि मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली.

ज्यूलच्या वर्गाचा खरा हिसका दिसला तो दिव्यांच्या काळात. एडिसनसमोर १८७९ च्या सुमारास प्रश्न होता तांब्याच्या किमतीचा. १०० वॉटचा दिवा १० व्होल्टवर चालवा : १० अँपिअर, दिव्याचा रोध १ ओहम. तोच दिवा १०० व्होल्टवर चालवा : १ अँपिअर, रोध १०० ओहम. रस्त्याखालच्या तारेचा रोध १ ओहम धरा. पहिल्या प्रकारात तारेत १०० वॉट वाया, दुसऱ्यात १ वॉट. म्हणून एडिसननं जास्त रोधाच्या बारीक तंतूचा ध्यास घेतला. त्याच्या न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून १८८२ साली सुमारे ११० व्होल्टनं वीज निघाली ती या हिशेबानं. पण तेवढ्या दाबावर वीज मैलभराच्या पलीकडे नेणं महागच पडे. आपल्याकडे १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, तिथून मुंबई जवळजवळ सत्तर किलोमीटर. ती वीज एक लाख व्होल्टच्या दाबानं आली. तीच शक्ती एक हजार व्होल्टनं आणायची म्हटली असती तर धारा शंभरपट आणि त्याच तारेतला तोटा दहा हजारपट झाला असता. मुंबईत पोचण्याआधीच ती तारा तापवण्यात संपली असती.

हा वर्ग आजही शेतावर भेटतो. उन्हाळ्यात गावाच्या टोकाला दाब उतरतो. विहिरीवरच्या मोटारीवर पाण्याचा भार तोच असतो, म्हणून दाब कमी झाला की ती जास्त धारा ओढते. धारा वीस टक्के वाढली, की वेटोळ्यातली उष्णता वीस नाही, चव्वेचाळीस टक्के वाढते. १.२ चा वर्ग १.४४. शेतकरी म्हणतो, मोटार जळाली. रिवाइंडिंगवाला म्हणतो, व्होल्टेज नव्हतं. दोघंही ज्यूलचाच नियम सांगत असतात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो हा हिशेब आपल्याआधी करतो आणि मोटार बंद पाडतो. तो बांधून ठेवणं म्हणजे हिशेबाची वही फाडणं.

आज ओहमला तार लागत नाही, पाराही लागत नाही. १९८० साली फॉन क्लिट्झिंगनं शोधलेल्या परिणामात रोध आपोआप ठरावीक पायऱ्यांवर थांबतो, आणि २०१९ पासून ओहम निसर्गाच्या स्थिरांकांवरच बांधलेला आहे. पण कुठल्याही वायरमनच्या खिशातल्या मीटरचा आकडा खरा असतो, तो या लांबलचक साखळीमुळे : उकळतं पाणी, बर्फ, आठ तारा, वल्ही, फिरतं वेटोळं. सूत्र पाठ करायला मिनिट पुरतं. त्यात घातलेला आकडा विश्वासाचा आहे की नाही, हे विचारायची सवय मात्र या लोकांनी आपल्याला लावून दिली, आणि ती सोडू नये.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ या.